नाती जोडणारा गणिती : एडगर कॉड

डीबीएमएसच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो. कॉडचे नियम किती? आपण छाती पुढे काढून बारा म्हणतो. एक्स्टर्नल मिशीतल्या मिशीत हसतात आणि तेरा सांगतात, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. बहुतेकांचा कॉडशी असलेला संबंध एवढ्यावरच संपतो. जर्नलवर सही होते, पीएल लागते आणि पुढच्या बॅचसाठी तोच प्रश्न तयार राहतो.

मला मात्र या नावाबद्दल कुतूहल वाटत राहिलं. ज्याच्या नावावर आपले चार मार्क अवलंबून असतात, तो माणूस होता तरी कोण? कुठे वाढला, काय भोगलं, कोणाशी भांडला? शोधायला लागलो आणि असं लक्षात आलं की हा कोणी पुस्तकी पंडित नव्हता. महायुद्धात विमान उडवलेला, पटलं नाही म्हणून देश सोडलेला आणि स्वतःच्या कंपनीशी वर्षानुवर्षं झुंजलेला माणूस होता. म्हणून यंदाच्या अंकात त्याच्यावर लिहायचं ठरवलं. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट माणसाची आहे. क्वेरी थोड्याच आहेत आणि त्याही आपल्याच मेसच्या बिलावरच्या!

दगडाच्या बेटावरचा मुलगा

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मधला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. सिव्हिलवाल्यांनो, हो, तेच पोर्टलंड! तिथल्या दगडासारखं दिसतं म्हणूनच आपल्या सिमेंटला पोर्टलंड सिमेंट हे नाव पडलं. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रलही याच बेटाच्या दगडातलं. वडील चामड्याच्या व्यवसायात, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत कॉड सगळ्यात धाकटे. जवळची माणसं त्यांना टेड म्हणत.

ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेतलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं होतं. शिकत असल्यामुळे त्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळू शकत होती. ती न घेता १९४२ मध्ये ते आपण होऊन ब्रिटिश हवाई दलात गेले. कोस्टल कमांडमध्ये फ्लाइट लेफ्टनंट म्हणून त्यांनी सुंदरलँड विमानं उडवली. पाण्यावर उतरणारी, चार इंजिनांची ही अजस्र विमानं समुद्रावर तासन्‌तास गस्त घालून पाणबुड्या शोधायची. युद्ध संपल्यावर ते पुन्हा ऑक्सफर्डच्या बाकावर येऊन बसले आणि १९४८ मध्ये गणिताची पदवी घेतली. आपल्याकडे एक ड्रॉप गेला तर घरी सुतक पाळतात. इथे शिक्षणाच्या मधोमध चार वर्षांचं युद्ध होतं.

अमेरिका, कॅनडा आणि पुन्हा अमेरिका

१९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथे पहिली नोकरी कुठे केली असेल? मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात, पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेता म्हणून! ऑक्सफर्डचा गणिती गिऱ्हाइकांना कपडे दाखवत होता. मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले. तेव्हा संगणक म्हणजे खोली भरून यंत्रसामग्री. एसएसईसी नावाच्या अशाच एका प्रचंड यंत्रासाठी ते प्रोग्रॅम लिहू लागले.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण त्या काळात अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम उघडली होती. नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. कॉड यांना हे सहन झालं नाही. १९५३ मध्ये चांगली नोकरी आणि देश दोन्ही सोडून ते कॅनडातल्या ओटावाला निघून गेले. या एका गोष्टीसाठी मला हा माणूस सर्वांत जास्त आवडला. आपण कॅंटीनमध्ये व्यवस्थेवर तासभर बोलतो आणि चहा संपला की उठतो. हे गृहस्थ बॅग भरून निघाले.

१९५७ मध्ये ते परत आले, परत आयबीएममध्येच. स्ट्रेच या संगणकासाठी एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे यावर त्यांनी काम केलं. ओएसच्या पेपरात मल्टिप्रोग्रॅमिंगवर टीप लिहिताना हे आठवा. नंतर चाळिशीच्या आसपास ते पुन्हा विद्यार्थी झाले. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून १९६५ मध्ये त्यांनी पीएचडी घेतली. विषय होता स्वतःसारखीच प्रत तयार करणारी सेल्युलर ऑटोमॅटा. फॉन नॉयमन यांना यासाठी प्रत्येक पेशीच्या २९ अवस्था लागल्या होत्या. कॉड यांनी ते काम ८ अवस्थांत करून दाखवलं. कमीत कमी सामग्रीत जास्तीत जास्त साधणं ही त्यांची वृत्ती इथेच दिसते.

अकरा पानांचा पेपर

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आले. तिथे त्यांच्यासमोर त्या काळातले डेटाबेस होते आणि ते पाहून त्यांच्यातला गणिती अस्वस्थ झाला.

तेव्हाची पद्धत काय होती ते आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. समजा ऑफिसात प्रत्येक विद्यार्थ्याची फाईल आहे आणि त्याची मेसची बिलं त्याच फाईलला टाचलेली आहेत. एखाद्याचं बिल काढायचं तर फाईल उघडायची आणि पाहायचं, सोपं आहे. पण जून महिन्याची सगळी बिलं हवी असतील तर? प्रत्येक फाईल उघडत बसा. उलट सगळी बिलं महिन्यावार लावून प्रत्येक बिलाला विद्यार्थ्याचा कागद टाचला, तर महिन्याचा प्रश्न सुटतो आणि विद्यार्थ्याचा अडकतो. आयबीएमचं आयएमएस हे असंच झाडासारखं होतं. वरून खाली उतरायचं. चार्ल्स बाकमन यांच्या विचारातून आलेली नेटवर्क पद्धत जास्त लवचीक होती, पण तिथेही एका नोंदीकडून दुसऱ्या नोंदीकडे पॉइंटर धरून वाट काढत जावं लागे. ही वाट प्रोग्रॅमरच्या डोक्यात आणि प्रोग्रॅममध्ये पक्की बसलेली असायची. उद्या फाईलची रचना बदलली की सगळे प्रोग्रॅम कोसळले!

कॉड यांनी १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये एसीएमच्या मासिकात आपला विचार मांडला. पेपर फक्त अकरा पानांचा. सुरुवातीलाच त्यांनी रोगाचं निदान केलं. प्रोग्रॅम तीन गोष्टींना बांधलेले आहेत : नोंदींचा क्रम, इंडेक्स आणि डेटापर्यंत पोचायची वाट. सुटे भाग आणि प्रकल्प यांचं साधं उदाहरण घेऊन एकच माहिती पाच वेगवेगळ्या झाडांत कशी साठवता येते आणि एका झाडासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर कसा आपटतो, हे त्यांनी दाखवलं.

उपाय ऐकायला अगदी साधा होता. सगळी माहिती टेबलांत ठेवा. गणिताच्या भाषेत हीच रिलेशन. दोन टेबलांमधलं नातं पॉइंटरने जोडू नका, ते किमतींमधूनच कळू द्या. विद्यार्थ्याच्या टेबलात पीआरएन आहे आणि बिलाच्या टेबलातही पीआरएन आहे, बस्स. दोन्हीकडे तोच आकडा दिसला की नातं जुळलं. मग विद्यार्थ्याकडून बिलाकडे जा किंवा बिलाकडून विद्यार्थ्याकडे, दोन्ही दिशा सारख्याच. दोन टेबलं अशी जुळवण्याच्या क्रियेला त्यांनी जॉइन म्हटलं. डेटाबेस बांधणाऱ्याच्या मनातही न आलेला प्रश्न नंतर कुणीही विचारू शकतो, हे सामर्थ्य त्यातून आलं.

जॉइन म्हणजे नेमकं काय?

आता थोडं प्रॅक्टिकल. दोन टेबलं घेऊ. विद्यार्थी या टेबलात पीआरएन, नाव, खोली. मेसबिल या टेबलात पीआरएन, महिना, रक्कम, भरले. (मराठी विभाग असल्यामुळे क्वेरीही देवनागरीतच देतोय. लॅबमध्ये तशीच टाइप करू नका, सिंटॅक्स एरर आली तर संपादक मंडळ जबाबदार नाही!)

बिल थकलेले विद्यार्थी कोण? आपल्यापैकी बरेच जण हे असं लिहितात :

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर पीआरएन इन
(सिलेक्ट पीआरएन फ्रॉम मेसबिल व्हेअर भरले = 'नाही')

ही नेस्टेड क्वेरी, क्वेरीच्या पोटात क्वेरी. वाचायला बरी वाटते. पण मेस सेक्रेटरीने विचारलं की प्रत्येकाची किती रक्कम थकली तेही दाखव, की आपली पंचाईत होते. रक्कम आतल्या कंसात आहे आणि बाहेरच्या सिलेक्टला ती दिसत नाही. जॉइन केला तर दोन्ही टेबलं एकाच पातळीवर येतात :

सिलेक्ट विद्यार्थी.पीआरएन, नाव, महिना, रक्कम
फ्रॉम विद्यार्थी जॉइन मेसबिल
ऑन विद्यार्थी.पीआरएन = मेसबिल.पीआरएन
व्हेअर भरले = 'नाही'

आता नाव, महिना, रक्कम, हवं ते घ्या. एकूण थकबाकी हवी असेल तर पीआरएन आणि नावावर ग्रुप बाय करून रकमेची बेरीज घ्या. तीनपेक्षा जास्त महिने थकवणारे हवेत तर हॅविंगमध्ये काउंट लावा. कंसात कंस कुठेच नाही.

बिलच न निघालेले विद्यार्थी शोधायचे असतील तर? इथे लोक नॉट इन वापरतात आणि फसतात. आतल्या यादीत एक जरी पीआरएन नल असेल तर उत्तरात एकही ओळ येत नाही! कारण नल म्हणजे माहीत नाही. अमुक पीआरएन त्या अज्ञात पीआरएनपेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तरही माहीत नाही असंच येतं आणि व्हेअरमधून फक्त खरं ठरलेल्या ओळीच सुटतात. त्यापेक्षा लेफ्ट जॉइन करा :

सिलेक्ट विद्यार्थी.पीआरएन, नाव
फ्रॉम विद्यार्थी लेफ्ट जॉइन मेसबिल
ऑन विद्यार्थी.पीआरएन = मेसबिल.पीआरएन अँड महिना = 'जून'
व्हेअर मेसबिल.पीआरएन इज नल

डावीकडचे सगळे विद्यार्थी येतात. ज्यांना जोडीदार ओळ मिळाली नाही त्यांच्यासमोर नल बसतात, तेवढे वेचायचे. एक पथ्य पाळा. जूनची अट ऑनमध्येच ठेवा. ती व्हेअरमध्ये नेली की जोडीदार नसलेल्या ओळींचा महिनाही नल असल्यामुळे त्या गळतात आणि हाती भोपळा येतो.

टेबल स्वतःशीही जॉइन होतं. रूम पार्टनरच्या जोड्या काढायच्या तर विद्यार्थी हेच टेबल अ आणि ब अशा दोन नावांनी घ्यायचं. अ.खोली = ब.खोली ही अट लावायची आणि सोबत अ.पीआरएन < ब.पीआरएन. ही दुसरी अट नसेल तर प्रत्येक जण स्वतःचाच पार्टनर ठरतो आणि प्रत्येक जोडी दोनदा येते.

आपल्याच कंपनीत परका

एवढी सुंदर कल्पना म्हटल्यावर आयबीएमने कॉड यांना डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? झालं उलटंच. आयएमएस बाजारात उत्तम चाललं होतं. कंपनीने त्यालाच आपलं प्रमुख उत्पादन ठरवलं होतं. त्यामुळे आयएमएसच्या मुळावर येणारं काही बोलणं म्हणजे कंपनीच्या ध्येयाविरुद्ध जाणं. शिवाय आक्षेपही होते. टेबलं जुळवायला यंत्राला खूप वेळ लागेल, वाट माणसानेच दाखवली पाहिजे, हे गणित प्रत्यक्षात चालायचं नाही, असं अनुभवी लोक म्हणत होते. त्यांना वेड्यात काढता येणार नाही. तेव्हाचे संगणक पाहता त्यांची शंका रास्तच होती.

कॉड मात्र गप्प बसले नाहीत. ते लिहीत राहिले. १९७१ मध्ये त्यांनी सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्म मांडले. १९७२ मध्ये रिलेशनल अल्जिब्रा आणि रिलेशनल कॅल्क्युलस यांची ताकद सारखीच आहे हे दाखवलं. १९७४ मध्ये ॲन आर्बरलाच, जिथे त्यांनी पीएचडी केली होती तिथे, त्यांचा आणि बाकमन यांचा जाहीर वाद झाला. समोर बाकमन म्हणजे आदल्याच वर्षीचे ट्युरिंग पुरस्कार विजेते. एक म्हणतो प्रोग्रॅमरने डेटाच्या समुद्रात स्वतः मार्ग काढावा, दुसरा म्हणतो काय हवं ते सांगा आणि मार्ग यंत्राला शोधू द्या. गंमत म्हणजे यातल्या दुसऱ्याने तरुणपणी खऱ्या समुद्रावर विमान चालवलं होतं.

शेवटी हा प्रश्न वादाने सुटला नाही, सुटला तो इंजिनिअरिंगने. सॅन होजेला सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला. बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस बांधायला घेतलं. सिस्टिम आरमध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी असा ऑप्टिमायझर केला की कोणतं टेबल आधी वाचायचं, कोणता इंडेक्स वापरायचा हे खर्चाचा अंदाज घेऊन यंत्रच ठरवू लागलं. त्यावरचा त्यांचा १९७९ चा पेपर अजून वाचला जातो. यंत्राला जमणार नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं. त्याच वर्षी आयबीएमच्या आधी ओरॅकल बाजारात आलं. पहिल्याच आवृत्तीला त्यांनी व्हर्जन टू हे नाव दिलं. मार्केटिंगवाल्यांनी याची नोंद घ्यावी! आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल/डीएस १९८१ मध्ये आणि डीबीटू १९८३ मध्ये आलं. म्हणजे कल्पना ज्यांच्या घरात जन्मली, ते बाजारात मागाहून पोचले.

१९८१ चा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला.

मूल एकाचं, बारसं दुसऱ्याचं

आता या गोष्टीतला मला सर्वांत रंजक वाटलेला भाग. आपण जी एसक्यूएल शिकतो ती कॉड यांनी केलेली नाही. त्यांनी स्वतः अल्फा नावाची भाषा सुचवली होती. तिच्यात तर्कशास्त्र भरलेलं होतं. आयबीएममधले डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांना वाटलं की सामान्य माणसाला ही चिन्हं झेपायची नाहीत. त्यांनी १९७४ मध्ये इंग्रजीसारखी वाचता येणारी सीक्वेल ही भाषा मांडली. नंतर ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे नाव एसक्यूएल झालं. बीसीएनएफमधला बी म्हणजे हेच बॉइस. दुर्दैवाने त्याच वर्षी त्यांचं अकाली निधन झालं.

सीक्वेलचा भर होता तो एका सिलेक्टच्या पोटात दुसरा सिलेक्ट बसवण्यावर. जॉइनचं गणित न शिकता लोकांना प्रश्न विचारता यावेत हा त्यामागचा चांगला हेतू. पण नुसत्या नेस्टिंगने सगळं भागेना. जॉइन लागलाच. तोही भाषेत आला आणि नेस्टिंगही राहिलं. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी लिहिता येऊ लागला.

१९८८ मध्ये कॉड यांनी डेटामेशन या नियतकालिकात एसक्यूएलच्या गंभीर दोषांवर लेख लिहिले. मुख्य दोष त्यांनी तीन सांगितले. एकसारख्या ओळी दोनदा चालवून घेणं, नलच्या तर्काला अपुरा आधार आणि हाच नेस्टिंगचा गोंधळ. वरवर सारख्या वाटणाऱ्या नेस्टेड आणि जॉइन क्वेरीची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याच उदाहरणात पाहा. राहुलची तीन महिन्यांची बिलं थकली आहेत. नेस्टेड क्वेरीत त्याचं नाव एकदा येतं. जॉइन करून फक्त नाव मागितलं तर तीनदा. बरं, मग डिस्टिंक्ट लावू? हॉस्टेलवर दोन राहुल पाटील असले आणि दोघांचीही बिलं थकली असली, तर दोघांचा मिळून एकच होईल! पीआरएन सोबत घेऊन डिस्टिंक्ट लावला तरच हिशेब बरोबर. रिलेशन हा संच आहे, संचात पुनरावृत्ती नसते आणि प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख हवी, हा कॉड यांचा आग्रह नुसता गणिती सोवळेपणा नव्हता. नोटीस बोर्डावरच्या थकबाकीच्या यादीत कुणाचं नाव चुकून लागलं किंवा गळलं, तर परीक्षेचा फॉर्म एका खऱ्याखुऱ्या पोराचा अडकतो.

जॉइनलाही अर्थात सांभाळून वापरावं लागतं. विद्यार्थ्याला मेसबिल आणि ग्रंथालयाचा दंड ही दोन्ही टेबलं एकदम जोडली, राहुलची बिलं ३ आणि दंड २ असले, तर ३ गुणिले २ अशा ६ ओळी तयार होतात. बिलांची बेरीज दुप्पट, दंडाची तिप्पट! अशा वेळी दोन्हींची बेरीज आधी वेगवेगळी काढायची, तिचे व्ह्यू करायचे आणि मग ते व्ह्यू जॉइन करायचे. टेबलांवर क्रिया केली की उत्तरही टेबलच मिळतं आणि त्यावर पुढची क्रिया करता येते, हेही कॉड यांच्याच सिद्धांतात बसणारं आहे. म्हणजे फ्रॉममध्ये तयार टेबल म्हणून बसलेल्या क्वेरीला नावं ठेवायचं कारण नाही. घोळ व्हेअरमधल्या घरट्यांचा.

मग नेस्टेड क्वेरी सोडूनच द्यायच्या का? वेगाच्या दृष्टीने पूर्वी फरक मोठा असे. उदाहरणार्थ मायएसक्यूएलमध्ये २०१३ च्या ५.६ आवृत्तीपर्यंत इनमधली आतली क्वेरी बऱ्याचदा बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालायची. आता चांगले ऑप्टिमायझर तिचं मनातल्या मनात सेमी-जॉइनमध्ये रूपांतर करतात. त्यामुळे आज माझ्या मते खरा प्रश्न वेगापेक्षा विचारांचा आहे. नेस्टेड लिहिताना आपण पायरीपायरीने, आधी हे शोध मग ते, असा विचार करतो. म्हणजे पुन्हा वाटच दाखवतो! जॉइन लिहिताना मात्र कोणाचं कोणाशी काय नातं आहे, हा प्रश्न आधी पडतो. कॉड यांना आपल्याकडून हाच प्रश्न हवा होता असं मला वाटतं.

शून्य ते बारा

१९८४ मध्ये ते आयबीएममधून निवृत्त झाले आणि जुने सहकारी, मित्र ख्रिस डेट यांच्यासोबत सल्लागाराचं काम करू लागले. तोवर रिलेशनल हा शब्द एवढा खपत होता की जो तो आपल्या जुन्याच उत्पादनावर तो शिक्का मारत होता. आपल्याकडे प्रत्येक गाडीवर कोल्हापुरी मिसळ लिहिलेलं असतं तसं. म्हणून १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्डमध्ये त्यांनी ते प्रसिद्ध नियम छापले. म्हणजे ओरलला आपल्याला छळणारे नियम मुळात विद्यार्थ्यांसाठी नव्हतेच. ते कंपन्यांची परीक्षा घेण्यासाठी होते आणि त्या परीक्षेत सगळ्या नियमांत पास होणं भल्याभल्यांना जमलं नाही.

कॉड स्वभावाने आग्रही. मित्र म्हणून डेट यांचं सगळं मान्य केलं असंही नाही. नल असावेत की नसावेत यावर दोघांचे उघड मतभेद होते. कॉड यांना नल हवे होते, डेट यांना अजिबात नको होते. तरीही दोघे एकत्र काम करत राहिले. ग्रुप प्रोजेक्टमध्ये डेटाबेस कोणता यावरून अबोला धरणाऱ्यांनी यातून काही शिकावं.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदय बंद पडून कॉड गेले. वय ७९. पुढच्याच वर्षी एसीएमच्या डेटाबेस विभागाने आपल्या संशोधन पुरस्काराला त्यांचं नाव दिलं.

त्यांच्या कल्पनेवर अब्जावधींच्या कंपन्या उभ्या राहिल्या, पण ते आयुष्यभर संशोधकच राहिले. आपण ज्या पुस्तकातून डीबीएमएस पास होतो त्या सिल्बरशॅट्झ-कॉर्थ-सुदर्शनमधले सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीचे. त्या जाड पुस्तकातली कितीतरी पानं म्हणजे त्या अकरा पानांचा विस्तार आहे. बँकेचं खातं, रेल्वेचं तिकीट, विद्यापीठाचा निकाल, कुठे ना कुठे टेबलं जुळत असतात तेव्हा आपलं काम होतं.

म्हणून मित्रांनो, या सेमला डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रश्न समोर आला की लगेच कंस उघडू नका. आधी कागदावर टेबलं काढा. कुठल्या रकान्याने ती जुळतात त्या रेषा मारा. एका ओळीसमोर दुसरीकडच्या किती ओळी येतील ते मोजा, एकही आली नाही तर काय हवं ते ठरवा आणि मग लिहा. आणि एक्स्टर्नलनी नियम किती असं विचारलं तर तेरा सांगा. वेळ असला तर त्यांना सुंदरलँड विमानाचीही गोष्ट सांगा. मार्क वाढतील याची हमी नाही, पण ओरल नक्की रंगेल!

– एक होस्टेलवासी, अंतिम वर्ष (संगणक)